रविवारचं स्टॉकटेकिंग

निरंजन बऱ्हाटे सत्तेचाळिसाव्या वर्षी बी.कॉम. झाला, आणि ही गोष्ट त्याच्या बायकोला सोडून सगळ्यांना माहीत होती.

सगळ्यांना म्हणजे लखनौच्या चिनहट भागातल्या त्याच्या कारखान्यातल्या सगळ्यांना, गेटवरच्या वॉचमनपासून मोठ्या साहेबांपर्यंत. कारखान्यात विजेच्या पॅनेलसाठी पत्र्याच्या पेट्या बनतात आणि निरंजन तिथलं स्टोअर अठरा वर्षं सांभाळतो आहे. कोणत्या मापाचा बोल्ट कोणत्या रॅकच्या कितव्या खणात आहे, हे तो जेवता जेवता सांगेल. घरी मात्र त्याच्या पास होण्याचं कुणाला कौतुक असायचं कारण नव्हतं. हेमाच्या लेखी तो एकोणीस वर्षांपासून बी.कॉम.च होता.

खोटं पहिल्यांदा त्यानं स्वतः लिहिलं नव्हतं. भुसावळला भास्करकाका, म्हणजे त्याच्या वडिलांचे धाकटे भाऊ, स्थळांना पाठवायची माहिती फुलस्केप कागदावर लिहून काढत होते. उंची लिहिली, रंग लिहिला, मामेकुळ लिहिलं, आणि शिक्षणापाशी येऊन काका थांबले. निरंजनचं दुसरं वर्ष दोन विषयांत अडकलेलं. त्यानंतर तो एका वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये चिकटला तो चिकटलाच, कॉलेजकडे फिरकला नाही. "दोन वर्षं केलंस ना कॉलेज? तिसऱ्याचं काय मोठंसं, बाहेरून देऊन टाकशील," असं म्हणत काकांनी ठसठशीत अक्षरात बी.कॉम. लिहून टाकलं. निरंजन समोरच बसला होता. त्यानं कागद वाचला, तांब्यातलं पाणी प्यायला आणि कागद परत केला. पुढे कितीतरी वेळा त्याच्या मनात येई, की पाणी प्यायला लागला तेवढ्या वेळात एक वाक्य सहज बोलून झालं असतं.

हेमाचे वडील चाळीसगावला पोस्टात होते. हेमाची बारावी झाली त्याच वर्षी तिच्या आईला संधिवातानं धरलं आणि घर पोरीच्या अंगावर पडलं. कॉलेज राहिलं ते राहिलंच. पोस्टमास्तरांना ती रुखरुख होती. "पोरीचं माझ्यापायी राहिलं, निदान जावई तरी पदवीधर बघीन," असं ते चारचौघांत बोलायचे. पाहायला गेले तेव्हा त्यांनी निरंजनला एकच प्रश्न विचारला, "कोणत्या साली झालात?" निरंजनची नजर पोह्यांच्या बशीत. उत्तर काकांनी दिलं, "अठ्ठ्याण्णव." पोस्टमास्तरांनी समाधानानं मान हलवली. तीन वर्षांपूर्वी ते गेले, ते त्याच समाधानात गेले.

लग्नानंतर वर्षभरात निरंजनला लखनौची नोकरी लागली. इथल्या फॉर्मवर त्यानं शिक्षणाच्या जागी बारावी असंच लिहिलं. खोटं लिहायचं धाडस झालं नाही, कारण नोकरीच्या ठिकाणी कागद मागतात. घरात कोण मागतंय?

इंदिरा नगरात बिऱ्हाड लावलं तेव्हा हेमानं भूतनाथ मार्केटमधून दारावरची पाटी करून आणली. माहेरच्या गल्लीत सगळ्यांच्या पाट्यांवर डिग्र्या असत, तशी हिनंही घालून आणली. पाटी ठोकून त्यानं हातोडी खाली ठेवली तशी ती दोन पावलं मागे सरून म्हणाली, "आता कसं, घर दिसतंय." त्या दिवसापासून तो घरात शिरताना पाटीकडे बघत नसे. सवयच झाली.

खरं तर एवढ्यावर थांबलं असतं, तर कदाचित चालून गेलं असतं. कितीतरी घरांत असली एखादी जुनी थाप गुपचूप पडून असते आणि कुणाचं काही बिघडत नाही. पण ही थाप पडून राहिली नाही. तिच्यावर घर चालायला लागलं.

बँकेतून पत्र आलं की हेमा न उघडता टेबलावर ठेवायची. "तुम्ही बघा, तुम्हाला कळतं." जुईची शाळा कोणती, बोर्ड कोणतं, दहावीनंतर शाखा कोणती, सगळं तोच ठरवायचा. शाळेच्या दरवर्षीच्या फॉर्मवर वडिलांचं शिक्षण बी.कॉम., आईचं बारावी, हे हेमाच आपल्या गोल अक्षरात लिहायची आणि सहीपुरता कागद त्याच्यापुढे सरकवायची. जुई लखनौतच जन्मली, वाढली. तिला मराठी कळतं सगळं, बोलते मात्र हिंदीत. ती सहावी-सातवीत असल्यापासून गणित घेऊन आईकडे जाईनाशी झाली. "मम्मी, आप रहने दो, पापा से पूछ लूँगी." हेमा हसायची आणि पोळ्यांकडे वळायची. निरंजनला ते हसू दिसायचं. दिसूनही तो वहीत डोकं घालायचा, कारण गणित त्याला येत होतं आणि बापाचा रुबाब कुणाला नको असतो?

आणि दहा वर्षांपूर्वीची ती दुपार. जुई पहिलीत गेली होती. हेमानं कुठूनसं पत्रद्वारा बी.ए.चं माहितीपत्रक आणलं होतं. त्याला ताट वाढून, समोर बसून म्हणाली, "करू का हो मी?" तो घास चावत राहिला, मग म्हणाला, "आता कशाला? घरात एक ग्रॅज्युएट आहे, पुरे की." मस्करीतच म्हणाला तसा. तिनंही मस्करीतच घेतलं. माहितीपत्रकाचा जाड गुळगुळीत कागद तिनं पुढे मसाल्याच्या डब्यांखाली घातला.

तो असं का बोलला, हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं.

मग तीन वर्षांपूर्वी कारखान्यात स्टोअर मॅनेजरची जागा निघाली. पर्सोनेलचे सक्सेनाजी म्हणजे लखनौचा मुरलेला माणूस, वाईट बातमीसुद्धा चहा पाजून सांगणारा. त्यांनी निरंजनला बोलावून घेतलं. "बऱ्हाटे साहब, जगह आपकी है, काम आप कर ही रहे हैं. बस एक काग़ज़ की कमी है. आजकल तो घर बैठे हो जाता है. कर डालिए." एका विद्यापीठाचा ऑनलाइन बी.कॉम. त्यांनीच शोधून दिला, फॉर्म त्यांनीच आपल्या कॉम्प्युटरवर भरला. 'घर बैठे' हा शब्द ऐकून निरंजन मनात कसानुसा झाला. घरी बसून करणं तेवढं त्याला शक्य नव्हतं.

म्हणून रविवारी स्टॉकटेकिंग सुरू झालं.

"दर रविवारी कसलं हो मोजता?" हेमानं सुरुवातीला विचारलं.

"माल वाढलाय. ऑडिटवाले मागे लागलेत."

"ऑडिटवाल्यांना बायकापोरं नाहीत वाटतं," एवढं बोलून तिनं डबा भरला. नंतर तीन वर्षं रविवारचा डबा विशेष असायचा. कधी भरीत, कधी भरल्या मिरच्या, कधी वर पुरणाची पोळी. सुट्टीच्या दिवशी राबतोय म्हणून. तो डबा चिनहटच्या बंद स्टोअरमध्ये, बेअरिंगच्या खोक्यांमध्ये बसून, लेक्चर ऐकता ऐकता खाताना त्याचा घास फिरायचा. तरी डबा रिकामाच घरी जायचा. नाहीतर तिनं विचारलं असतं.

हजेरी लागायला लेक्चरच्या मध्येच स्क्रीनवर एक खिडकी उघडायची, 'तुम्ही आहात का?' अशी. ठरावीक वेळात बटण दाबलं नाही तर गैरहजर. इतर दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो लेक्चर लावायचा आणि नेमका तेव्हाच कुणीतरी नट मागायला यायचा. मग पलीकडच्या टेबलावरचा कुणीतरी ओरडायचा, "बऱ्हाटेजी, पूछ रहा है, हैं कि नहीं?" सगळं स्टोअर हसायचं आणि तो धावत जाऊन बटण दाबायचा. अकाउंट्समध्ये तो पहिल्या खेपेला नापास झाला. शंभरात बावीस. दुसऱ्या खेपेला पुन्हा नापास. तिसऱ्यांदा सुटला. परीक्षेला कॅमेऱ्यासमोर बसायचं आणि खोलीत दुसरं कुणी नको, भिंतीवर लिहिलेलं काही नको, अशी अट. मग सक्सेनाजींनी कॉन्फरन्स रूममधलं कॅलेंडर आणि सुरक्षेचे तक्ते स्वतः उतरवले आणि तीन तास दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. माणसं अशी जीव लावणारी. त्यांच्या प्रत्येक चांगुलपणाबरोबर निरंजनला घरची आठवण येई आणि चांगुलपणा अंगाला टोचे.

जुलैत निकाल लागला. सतरा सप्टेंबरला कारखान्यात विश्वकर्मा पूजा. त्या दिवशी मशिनं बंद असतात, अवजारं धुऊनपुसून मांडतात, प्रेसला झेंडूची माळ, स्टोअरच्या वजनकाट्याला कुंकू. कामगार बायकापोरांना घेऊन येतात. सक्सेनाजी आठवडाभर आधीच म्हणाले होते, "भाभीजी को ज़रूर लाइए. स्टेज पर बुलाएँगे." निरंजननं घरी सांगितलं, यंदा फॅमिली बोलावलेली नाही. पूजेत मोठ्या साहेबांनी त्याला शाल पांघरली, माइकवरून त्याच्या जिद्दीचं कौतुक केलं. पोरं शिट्ट्या वाजवत होती. तो हात जोडून उभा होता आणि पुढच्या सतरंजीवर बसलेल्या बायकांत एक जागा उगीचच त्याला रिकामी दिसत होती.

घरी शाल पाहून हेमा म्हणाली, "ही कशाबद्दल?"

"अठरा वर्षं झाली म्हणून."

"बघा, किंमत आहे माणसाची." तिनं शालीची घडी मोडून कापडावरून हात फिरवला, पुन्हा घडी घातली आणि कपाटात तिच्या वडिलांच्या फोटोखाली ठेवली. मग वळून म्हणाली, "मलाही एक सांगायचंय. हसणार नसाल तर."

तिला बी.ए. करायचं होतं. ऑनलाइन. जुई दीड वर्षानं कॉलेजला जाईल, मग दिवस खायला उठेल, असं ती म्हणाली. फॉर्म मोबाइलवर अर्धा भरलाही होता. शेवटची तारीख तीस सप्टेंबर.

"यंदा नको म्हणू नका," ती म्हणाली.

"नाही म्हणत," निरंजन म्हणाला. आणि इतकं सोपं वाक्य दहा वर्षं घशात का अडकलं होतं, हे आठवून त्याला मान वर करवेना.

दोन दिवसांनी तिनं त्याला हाक मारली. विद्यापीठानं नमुन्याची काही लेक्चरं टाकली होती, त्यातलं अर्थशास्त्राचं लावून ती डायनिंग टेबलाशी बसली होती. मास्तर इंग्रजीत सुरू करून हिंदीत उतरत होते आणि पुन्हा इंग्रजीत चढत होते. हेमाच्या कपाळाला आठी.

"हे काय हो, सीमांत उपयोगिता?"

"अगं, भुकेल्या माणसाला पहिली पोळी वाढलीस तर त्याला जीव आल्यासारखं होतं. दुसरी गोड लागते. चौथी आग्रहाची. सहावी वाढलीस तर तो हात आडवा धरतो. पोळी तीच, पीठ तेच. पण प्रत्येक पुढच्या पोळीचं समाधान कमी."

हेमा त्याच्याकडे बघतच राहिली. "किती सोपं करून सांगितलंत. सव्वीस वर्षांपूर्वी शिकलेलं अजून तोंडपाठ आहे तुम्हाला."

ते त्यानं दीड वर्षापूर्वी, एका रविवारी, बेअरिंगच्या खोक्यावर बसून शिकलं होतं. तीनदा व्हिडिओ मागे नेऊन. पोळीचं उदाहरणही तिच्याच डब्यातल्या पोळ्यांवरून सुचलेलं. तो काही बोलला नाही.

तिथेच चूक झाली. त्या दिवसापासून हेमा लेक्चर लावी, दहा मिनिटं ऐके, पुन्हा मागे नेई, पुन्हा ऐके आणि बंद करी. शनिवारी संध्याकाळी पोळ्या लाटताना तिनं न बघताच सांगितलं, "मी नाही भरत तो फॉर्म."

"का?"

"पितृपक्ष चालू आहे. नवीन काही सुरू करू नये. तारीखही मेली नेमकी पंधरवड्यात आली."

निरंजननं मान डोलावली. सुटल्यासारखंही वाटलं त्याला, खोटं कशाला सांगा. तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "आणि खरं सांगू? माझं डोकं नाही ते. तुम्ही एकदा शिकलात की सव्वीस वर्षं टिकतं. माझं सकाळचं संध्याकाळी राहत नाही. उगीच जुईला हसायला कारण."

पोळी तव्यावर पडली, फुगली, उतरली. निरंजन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. बाईनं दोन वेळा हिंमत केली आणि दोन्ही वेळा आपणच आडवे आलो, हे त्याला त्या दारात लख्ख कळलं. पहिल्या वेळी तोंडानं नको म्हणालो. या वेळी हो म्हणून, नुसतं गप्प राहून.

रविवारी सकाळी तो स्टॉकटेकिंगला गेला नाही. तसंही जुलैपासून जायचं कारण उरलं नव्हतं, तरी बोभाटा नको म्हणून तो जात होता आणि रिकाम्या स्टोअरमध्ये खोके पुसत बसत होता. जुई क्लासला गेली होती. हेमा बाल्कनीत भाजलेले शेंगदाणे सोलून सुपात पाखडत होती, टरफलं उडून शेजारच्या कुंड्यांत पडत होती. निरंजननं बॅगेतल्या प्लास्टिकच्या फोल्डरमधून गुणपत्रिका काढल्या आणि तिच्यासमोर फरशीवर बसला. सगळ्यात वरती त्यानं नापासाची ठेवली होती.

"हे काय?"

"वाच."

तिनं हात पदराला पुसले, चष्मा नाकावर ओढला. "निरंजन शिवाजी बऱ्हाटे. फायनान्शियल अकाउंटिंग, बावीस. अनुत्तीर्ण." तिनं खाली पाहिलं. "ही तारीख चुकलीय. दोन हजार बावीस लिहिलंय."

"चुकली नाही."

तिनं दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. शेवटच्या पत्रिकेवर जुलै दोन हजार चोवीस. तिनं ती दोनदा वाचली. सूप मांडीवर तसंच.

"म्हणजे तुम्ही पुन्हा केलंत?"

"पुन्हा नाही. पहिल्यांदाच. आधी मी दुसऱ्या वर्षी नापास होऊन सोडलं होतं. तुमच्याकडे आलेल्या कागदावर काकांनी लिहिलं आणि मी लिहू दिलं."

बोलून टाकल्यावर हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. खालून भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. वरच्या मजल्यावर कुणी कपडे पिळत होतं, ते पाणी कठड्यावर ठिबकत होतं.

हेमानं विचारलं, "रविवारी हेच करायला जायचात?"

"हो."

"मी पुरणपोळी द्यायचे."

तो फरशीवर पडलेली टरफलं गोळा करायला लागला.

"कारखान्यात कुणाकुणाला माहीत आहे?"

हा प्रश्न येईल असं त्याला वाटलं नव्हतं. "सगळ्यांना."

"शाल त्याचीच?"

"हो."

"म्हणजे मलाच तेवढं नाही." ती हे अगदी सपाट आवाजात म्हणाली, जसं सामान तपासून 'मीठ संपलंय' म्हणावं. "वॉचमनला माहीत, नि मला नाही. आणि बाबा गेले. त्यांना आता कोण सांगणार?"

ती सूप बाजूला ठेवून उठेल, आत जाईल, रडेल, असं त्याला वाटत होतं. पण ती बसूनच राहिली. मग एकदम म्हणाली, "आणि त्या वेळी मला का नको म्हणालात? जुई पहिलीत होती तेव्हा. तुमचा खोटेपणा तुमच्यापाशी. माझं काय अडवलंत?"

तो हेच वर्षानुवर्षं कुणी विचारेल म्हणून घाबरत होता, आणि विचारणारं कुणी नव्हतं. त्याच्या तोंडी दोन बरी उत्तरं आली. जुई लहान होती. तुझी ओढाताण झाली असती. ती दोन्ही त्यानं गिळली.

"तू पास झाली असतीस म्हणून," तो म्हणाला.

हेमानं त्याच्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत तिनं त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं. जणू ओळखीचा माणूस गर्दीत दिसावा आणि नाव आठवू नये.

"मी हे आत्ता का सांगतोय," तो घाईघाईनं म्हणाला, "तुला वाटतंय माझं डोकं वेगळं आहे. नाही. ते सीमांत उपयोगितेचं मी दीड वर्षापूर्वी शिकलो, तेही तीनदा मागे नेऊन. अकाउंट्सला तीनदा बसलो. माझंही सकाळचं संध्याकाळी राहत नाही. उद्या शेवटची तारीख आहे, हेमा. माझ्यामुळे सोडू नकोस एवढंच."

"तुमच्यामुळे धरायचंही नाही मला आता," ती म्हणाली आणि उठली. शेंगदाणे सुपातच राहिले.

दुपारी जुई आली. घरात भांडी वाजत नव्हती, टीव्ही नव्हता. तिनं दोघांकडे पाहिलं. "क्या हुआ? कोई गया क्या गाँव में?"

"पपांना विचार," हेमा आतून म्हणाली. "त्यांना सांगू दे."

निरंजननं सांगितलं. लेकीसमोर त्याचे शब्द बाल्कनीतल्यापेक्षा तोकडे पडले. जुई उभ्यानं ऐकत होती. सोळा वर्षांची पोर, तिला आधी हसू आलं. "पापा, आप फेल हुए थे? अकाउंट्स में?" मग हसू विरलं. ती काहीतरी आठवत असावी. दप्तर खांद्यावरून न काढताच ती म्हणाली, "मतलब मैं जो मम्मी को बोलती थी, कि आप रहने दो... आप वहीं बैठे होते थे, पापा. आपने एक बार भी नहीं टोका."

"नाही टोकलं."

"यार, पापा," असं म्हणून ती आईच्या खोलीत गेली. दार लागलं.

त्या दिवशी निरंजननं खिचडी केली. दोघींनी खाल्ली, कुणी नावं ठेवली नाहीत. नावं ठेवली असती तर बरं वाटलं असतं.

सोमवारी तो कारखान्यातून अर्धी सुट्टी काढून चारला घरी आला. हेमा आणि जुई टेबलाशी शेजारीशेजारी बसल्या होत्या, मधे जुईचा लॅपटॉप. फॉर्म उघडा होता. जवळ जावं की नाही, हे त्याला कळेना. तो बूट काढत दाराशीच रेंगाळला.

"मम्मी, ट्वेल्थ की मार्कशीट अपलोड करनी है."

हेमानं शेजारी ठेवलेल्या जुन्या पिवळट पाकिटातून कागद काढला. घड्यांवर चिरत आलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. जुईनं फोटो काढता काढता वाचलं. "मम्मी. सेवंटी-वन परसेंट?"

"हो. शाळेत दुसरी आले होते. पहिली आली ती डॉक्टरची मुलगी."

"आपने कभी बताया नहीं."

"कुणी विचारलं नाही," हेमा म्हणाली. तिनं निरंजनकडे बघितलंही नाही.

त्याला बारावीला चोपन्न टक्के होते. एकोणीस वर्षं एका घरात राहून, एका ताटलीतला आंबा खाऊन, बायकोला किती मार्क होते हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. बूट हातात धरून तो तसाच उभा राहिला. जुईनं शेवटचं पान वाचून दाखवलं, हेमानं बोटानं बटण दाबलं. स्क्रीनवर हिरवी खूण आली.

"मम्मी, हमारी टीचर तो बोलती हैं पितृपक्ष में कुछ शुरू नहीं करते," जुई म्हणाली.

"माझे बाबा बघताहेत तर बघू देत," हेमा म्हणाली.

पुढचे पंधरा-वीस दिवस ती त्याच्याशी बोलली, नाही असं नाही. दूध आणा, गॅसवाला येऊन गेला, जुईला न्यायचं आहे. बँकेचं पत्र आलं ते तिनं स्वतः उघडलं, वाचलं, तासभर बँकेत जाऊन आली आणि काम करून आली. त्याला कळलं ते टेबलावरच्या पोचपावतीवरून. एकदा त्यानं पुन्हा क्षमा मागायचा प्रयत्न केला, तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, "आईला काय सांगू, ते मला अजून ठरवता येत नाहीये. तिला सांगितलं तर तिच्या उतारवयात काटा. नाही सांगितलं, तर तुमचं खोटं आता मी सांभाळायचं. हे तुम्ही मला दिलंत. क्षमेचं काय घेऊन बसलात?" त्यानंतर त्यानं क्षमेचं नाव काढलं नाही. आपणच चाळीसगावला जाऊन सासूबाईंसमोर बसून सगळं सांगावं, हे मात्र त्यानं मनाशी पक्कं केलं आणि दिवाळीची तिकिटं काढून तिच्यापुढे ठेवली. तिनं ती पाहिली, परत केली नाहीत.

पहिलं लेक्चर रविवारी दहाचं होतं, इतिहासाचं. हेमानं न्हाऊन इस्त्रीची साडी नेसली, कॅमेरा बंद ठेवायचा असतो असं जुईनं सांगूनही. वही, पेन, पाण्याची बाटली घेऊन ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

निरंजन स्वयंपाकघरात होता. वरण-भाताचा कुकर चढवला होता, कोथिंबीर निवडत होता. दाराआडून मास्तरांचा आवाज येत होता, त्यात मधूनच विद्यार्थ्यांचे चिरके, तुटक आवाज. मास्तरांनी काही विचारलं. कुणी बोलेना. मग हेमाचा आवाज आला, तिच्या मराठी वळणाच्या हिंदीत, आधी जरा कापरा आणि मग सरळ. दोन-तीन वाक्यं बोलली ती. मास्तर म्हणाले, "बहुत अच्छे. नाम क्या बताया आपने?" तिनं पुन्हा एकदा नाव सांगितलं, पूर्ण.

निरंजनच्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली. हा आवाज दहा वर्षांपूर्वी या घरात ऐकू आला असता. कोण जाणे, आतापर्यंत ती एम.ए. झाली असती, कुठल्या शाळेत शिकवत असती. आता काही करून ती दहा वर्षं मिळणार नव्हती. तिलाही नाही, त्यालाही नाही.

अर्ध्या तासानं मधली सुट्टी झाली. दार उघडून हेमा पाणी भरायला आली. चेहरा तापल्यासारखा लाल. निरंजननं धीर करून विचारलं, "काही अडलं का? सांगू का काही?"

तिनं बाटली नळाखाली धरली.

"इतिहास आहे," ती म्हणाली. "त्यात तुमचा काही उपयोग नाही. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा, आणि फोडणीत मोहरी तडतडल्याशिवाय जिरं घालू नका. मागच्या रविवारी कच्ची होती."

ती आत गेली, पुन्हा दार लागलं. निरंजन कुकरसमोर उभा राहून शिट्ट्या मोजायला लागला.